पेन्शन, संप आणि घरातली भांडणं

प्रश्न : मी ठाण्यात सरकारी ऑफिसात क्लार्क आहे. 2010 ला लागले, वयाची सवलत होती म्हणून पस्तिसाव्या वर्षी. गणपतीत सगळे कळव्याला जमलो की दीर सुरू होतात. ते वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीतून रिटायर झालेत, म्हणतात आम्हाला महिन्याला दोन हजार पेन्शन आणि तुम्हाला निम्मा पगार पाहिजे, तेही राज्यावर एवढं कर्ज असताना. जुन्या पेन्शनसाठी मार्च 2023 मध्ये झालेल्या संपात मी होते. चुकलं का आमचं?
– एक वाचक, कळवा

उत्तर : ताई, संपाचं मनाला लावून घेऊ नका. पेन्शन ही मेहेरबानी नाही, हक्क आहे, हे सुप्रीम कोर्टानं 1982 मध्येच डी. एस. नकारा यांच्या केसमध्ये सांगून ठेवलंय.

पण दीरांनाही उडवून लावू नका हं. ईपीएसची, म्हणजे खाजगी कंपन्यांतल्या नोकरदारांच्या पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन 2014 पासून 1000 रुपये आहे आणि तिला महागाई भत्ताच नाही, म्हणजे डाळ-तेल महागत गेलं तरी त्यांचे दोन हजार ते दोन हजारच. त्यांचा राग बरोबर आहे, फक्त तो तुमच्यावर निघतोय.

आता जुनी पेन्शन, म्हणजे पगारातून काही न कापता शेवटच्या पगाराच्या निम्मी मिळणारी, 2005 नंतर लागलेल्यांना बंद झालेली. डिसेंबर 2022 मध्ये फडणवीस विधानसभेत म्हणाले होते की ती परत आणली तर 1 लाख 10 हजार कोटींचा बोजा पडेल. मला त्या आकड्यापेक्षा त्यातली वेळ महत्त्वाची वाटते. तिच्या जागी आलेल्या एनपीएसमध्ये दर महिन्याला पैसे भरून कर्मचाऱ्याचा फंड साठवतात, आणि त्यात सरकारला आजच्या आज बेसिक अधिक महागाई भत्त्याच्या 14 टक्के भरावे लागतात. जुनी आणली की ते वाचतात, त्यामुळे आजच्या सरकारला उलट हायसं वाटतं, आणि खरं बिल येतं 2040 च्या पुढे, जेव्हा 2005 नंतर लागलेली माणसं रिटायर होत जातील. रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या एका अभ्यासात हा बोजा एनपीएसच्या साडेचार पटीपर्यंत जाऊ शकतो असं आलंय. म्हणजे बिल फाटणार दीरांच्या नातवाच्या नावावर, आणि त्याला तर पर्मनंट नोकरी तरी मिळेल का देव जाणे. म्हणून मी जुन्याच्या बाजूनं नाही, राग आला तर येऊ दे.

आणि सरकारी पेन्शनची गॅरंटी किती पक्की असते तेही 2020 मध्ये दिसलं की. कोरोनात केंद्रानं महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले, पेन्शनरांचेसुद्धा, आणि 18 महिन्यांची थकबाकी दिलीच नाही.

तुमचा खरा प्रश्न वेगळाच आहे. यूपीएस, म्हणजे ठरलेल्या पेन्शनची हमी देणारी नवी योजना, केंद्रानं ऑगस्ट 2024 मध्ये आणली, राज्यानंही लगेच स्वीकारली, त्यात शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या 50 टक्के मिळतात पण 25 वर्षं नोकरी झाली तर. तुम्ही 58 ला रिटायर होणार, म्हणजे 23 वर्षं. मग 50 चे 46 टक्के होतात. बेसिक 50 हजार धरली तर 25 हजारांऐवजी 23 हजार, वर महागाई भत्ता. वयाची सवलत सरकारनंच दिली आणि उशिरा लागलात म्हणून पेन्शन कापणारही सरकारच! युनियननं भांडावं ते या 25 वर्षांच्या अटीवर. जुन्या योजनेतही आधी पूर्ण पेन्शनला 33 वर्षं लागायची, पण ती अट नंतर काढली गेली.

दुसरं, एनपीएसमध्ये साठलेल्या पैशातून किमान 40 टक्क्यांची अ‍ॅन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून आयुष्यभराची पेन्शन, घ्यावी लागते, पण तुम्ही मूळ रक्कम परत मिळणारी घेतली तर ती शेवटी मुलांना मिळते. यूपीएसमध्ये पेन्शन नक्की, पण तुमच्या मागे मुलांच्या हातात तो फंड येत नाही. हा सौदा कुणी नीट समजावून सांगत नाही. कुठलाही विकल्प लिहून देण्याआधी प्रानचं, म्हणजे तुमच्या एनपीएस खात्याचं, स्टेटमेंट काढा आणि सुरुवातीच्या डीसीपीएसच्या (एनपीएसच्या आधीची राज्याची तशीच योजना) वर्षांतली कपात, सरकारी वाटा आणि व्याज जमा झालंय का ते पगाराच्या स्लिपांशी ताडून बघा, महिना महिना करून, कंटाळा आला तरी.

प्रश्न : मिस्टर केंद्र सरकारात आहेत, यूपीएस घेतलीय. मुलीच्या अ‍ॅडमिशनला मध्ये एनपीएसमधून पैसे काढले होते. पेन्शन कमी होईल का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : हो, परत भरले नाहीत तर त्या प्रमाणात कमी होईल. भरायची सोय आहे, रिटायरमेंटच्या आधी भरून टाका.