एलपीजीवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टची टाकी बदलताना काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की चाकणच्या गोदामात दोन एलपीजी फोर्कलिफ्ट नव्याने आल्यात, ऑपरेटर मुळात डिझेलच्या गाड्यांवरचे आहेत आणि टाकी संपली की गाडी उभी असेल तिथेच बदलतात. मी भोसरीत बारा वर्षं मेंटेनन्स बघतोय, त्यावरून सांगतो.

गाडी उभी असेल तिथे टाकी बदलणं आधी बंद करा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि गटारात, डॉकच्या खड्ड्यात जाऊन बसतो. हवेत दोनेक टक्के झाला तरी ठिणगी पुरते. गाडी उघड्यावर घ्या, बॅटरी चार्जिंगच्या खोलीपासून लांब. फोर्क खाली टेकवा, हँडब्रेक ओढा.

आता बहुतेकांचं चुकतं ते. आधी इंजिन बंद करायचं नाही. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि इंजिन चालू राहू द्या. पाइपातला गॅस संपला की ते आपोआप बंद पडतं, मग चावी फिरवा. आमच्याकडे एका पोराने घाईत उलटं केलं, वर हातमोजेही नव्हते. कपलिंग, म्हणजे पाइप टाकीला जोडणारा जोड, सोडताच द्रव बोटांवर उडाला. एलपीजीतला प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतो, त्यामुळे बोटं पांढरी पडली आणि नंतर फोड आले. थंडीने भाजलं हे त्याच्या आईला पटवता पटवता आमच्या नाकी नऊ आले.

नवी टाकी दोघांनी उचला. बसवताना ब्रॅकेटवरची पिन टाकीच्या कड्यातल्या भोकात गेलीच पाहिजे. ही पिन म्हणजे नुसता आधार नव्हे. टाकी आडवी असते. आतली नळी खाली द्रवात राहावी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वर गॅसच्या बाजूला यावा, म्हणून ती दिलेली असते. टाकी फिरलेली बसली, तर दाब वाढल्यावर व्हॉल्व्हमधून गॅसऐवजी द्रव बाहेर पडतो, आणि एक लिटर द्रवाचा साधारण २७० लिटर गॅस होतो. पिन काढून टाकलेल्या गाड्या मी पाहिल्यात. टाकी पटकन बसते म्हणे!

कपलिंगमधला रबरी वॉशर बघा, चिरलेला असेल तर बदला. कपलिंग हातानेच घट्ट करा, पाना लावू नका. व्हॉल्व्ह हळूहळू उघडा आणि साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले किंवा जोडावर बर्फ धरला, तर व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा पहिल्यापासून.

आवारातच मोठ्या सिलिंडरमधून टाकी भरता येईल का, असंही विचारलंत. नाही. त्याला पेसोचा, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणाऱ्या, नागपूरला मुख्यालय असलेल्या केंद्र सरकारच्या संस्थेचा परवाना लागतो. शिवाय उन्हात द्रव फुगतो, म्हणून टाकी साधारण ८० टक्केच भरायची असते आणि ते अंदाजाने जमत नाही. वितरकाकडून भरलेली घ्या. रिकामी परत देतानाही व्हॉल्व्ह बंद आहे ना बघा, तिच्यात थोडा गॅस उरलेला असतोच.