वाचकांचे प्रश्न : कॉमिक-कॉनची रांग आणि हातातली काठी

प्रश्न : मला आमवात आहे. काठीच्या आधाराने चालते, परंतु फार वेळ उभे राहवत नाही. जुलैत कॅलिफोर्नियातील धाकट्या भावाकडे जाणार असून सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनचा, म्हणजे कॉमिक्स व चित्रपटांच्या चाहत्यांच्या मेळाव्याचा, माझा बॅज (प्रवेशपत्र) निघाला आहे. भावालाही वेगळा बॅज घ्यावा लागेल का? चाकाची खुर्ची न्यावी का? एरवी मी धडधाकट दिसते, त्यामुळे वेगळ्या रांगेत जाण्याचा संकोचही वाटतो. – एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी संकोचाविषयी. तेथील 'डेफ अँड डिसेबल्ड सर्व्हिसेस' हा कर्णबधिर व अपंगांच्या सोयी पाहणारा विभाग केवळ चाकाच्या खुर्चीवर असणाऱ्यांसाठी नाही. ज्यांना फार वेळ उभे राहता येत नाही, तेही त्यात येतात. पोहोचल्याबरोबर त्यांच्या टेबलापाशी जाऊन बॅजवर स्टिकर लावून घ्या, म्हणजे प्रत्येक दारावर आपल्या दुखण्याची कहाणी सांगत बसावे लागणार नाही. सोबतच्या एका मदतनिसाला तेथे विनाशुल्क बॅज मिळतो. मात्र तो आपल्या मदतीसाठी असतो. बंधूंना स्वतंत्रपणे भटकायचे असेल, तर त्यांनी स्वतःचा बॅज वेगळा मिळवावा हेच सरळ.

स्टिकर मिळाला म्हणजे जागा मिळाली, असे मात्र समजू नये. सुमारे ६,५०० आसनांच्या 'हॉल एच' या तेथील सभागृहासाठी लोक बाहेर रात्र काढतात, आणि अपंगांची रांग वेगळी असली तरी तीही भरते. दोन कार्यक्रमांच्या मधे सभागृह रिकामे केले जात नाही, याबद्दल पुष्कळांची तक्रार असते; आपल्याला मात्र ते सोयीचे आहे. हव्या असलेल्या कार्यक्रमाच्या आधीच्याच कार्यक्रमाला आत जाऊन बसावे, तो कितीही रटाळ असला तरी!

खुर्ची जरूर न्यावी, असे मी म्हणेन. तेथे थोड्या वेळापुरत्या खुर्च्या मिळतात, पण त्या मोजक्याच असल्याने त्यांच्या भरवशावर राहू नये. घडीची खुर्ची अमेरिकेला जाणाऱ्या विमानात सामानाच्या वजनात धरली जात नाही. फक्त विमान कंपनीला आधी कळवावे. प्रदर्शनाच्या दालनात लाखाहून अधिक माणसांची वर्दळ असते आणि खुर्चीत बसलेल्याच्या नेमक्या तोंडासमोर लोकांच्या पाठपिशव्या येतात. म्हणून दालन सकाळी, सांधे आखडलेले नसतील तर पायी पाहावे आणि लांबच्या फेऱ्यांना खुर्ची वापरावी. पायी हिंडणारी व्यक्ती दुपारी खुर्चीत दिसली म्हणून कोणी हटकलेच, तर उत्तर देण्यास आपण बांधील नाही.