पहिलं सर्वेक्षण करताय? आधी एवढं सांभाळा

प्रश्नावली लगेच वाटायला घेऊ नका. आधी संशोधनाचा प्रश्न एका वाक्यात लिहा आणि कोणता चल (म्हणजे बदलणारी, मोजता येणारी गोष्ट, जसं वय किंवा खर्च) कशावर परिणाम करतो ते कागदावर बाणांनी दाखवा. ज्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच बाणाला लागत नाही, तो काढून टाका.

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे जोडप्रश्न. 'हॉटेल स्वच्छ आणि स्वस्त होतं का?' याला पर्यटकाने ३ गुण दिले, तर ते नेमके कशाला? दोन प्रश्न करा. मग २०-३० जणांवर चाचणी घ्या. ते जिथे अडखळतील तिथली भाषा बदला.

नमुन्यासाठी ३८५ हा आकडा सगळीकडे दिसेल. मोठ्या लोकसंख्येतलं प्रमाण ९५ टक्के विश्वासपातळीवर (शंभरपैकी साधारण ९५ वेळा अंदाज मर्यादेत बसेल), ५ टक्क्यांच्या त्रुटी-मर्यादेत (अंदाज फार तर तेवढाच इकडे-तिकडे) मोजायला तो पुरतो, पण निवड यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखी, प्रत्येकाला समान संधी देणारी) असेल तरच. ओळखीच्यांना लिंक पाठवून हजार उत्तरं मिळाली, तरी निवडीतला एकांगीपणा तसाच राहतो.

विश्लेषणाआधी:
- मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, काम प्रतीवर करा.
- रिकाम्या उत्तरासाठी ९९ टाकलं असेल तर ते सरासरीत शिरू देऊ नका. (हे फार वेळा होतं!)
- आलेख काढून बघा.

पी-मूल्य (खरा परिणाम नसतानाही निव्वळ योगायोगाने असा किंवा याहून ठळक निकाल येण्याची शक्यता) ०.०५ पेक्षा कमी आलं म्हणजे परिणाम मोठा आहे असं नाही; परिणामाचा आकारही (फरक किंवा संबंध किती मोठा आहे ते) लिहा. संरचनात्मक समीकरणं (अनेक चलांचे संबंध एकत्र तपासण्याची पद्धत) सध्या राहू द्या, साधं प्रतिगमन (एका चलावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणं) आधी नीट जमू दे.