साकीनाका-कुर्ल्याचे आकडे शोधताना

साकीनाका-कुर्ला पट्ट्यातल्या छोट्या उद्योगांवर एम.ए.चा प्रकल्प करायचाय, पण जे मिळतं ते देशाचं नाहीतर राज्याचं, मुंबईच्या खाली काही उतरतच नाही, असं तुम्ही लिहिलंय. उतरतं, पण एका जागी नाही. त्याआधी तुमची मुंबई कोणती ते ठरवा, कारण प्रत्येक खात्याची मुंबई निराळी आहे.

महसूल खात्याच्या लेखी मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे १९९० पासून दोन जिल्हे. पालिका वॉर्डांत मोजते. एमएमआरडीएची, म्हणजे महानगर विकास प्राधिकरणाची, मुंबई खाडी ओलांडून ठाणे, रायगड, पालघरमध्ये शिरते. तुमचा भाग बहुतांशी पालिकेच्या एल वॉर्डात येतो. पण सरकारी तक्त्यात 'कुर्ला तालुका' दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. तो तालुका चेंबूर, घाटकोपर करत पार मुलुंडपर्यंत जातो. एल वॉर्डाची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या साधारण ९ लाख, तालुक्याची त्याच्या कितीतरी पट. दरडोई काहीही काढताना इथे घोळ झाला की पुढचं सगळं फुकट.

सुरुवात राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयापासून करा. अर्थसंकल्पाच्या तोंडावर येणारी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' सगळ्यांना ठाऊक असते. तिच्यात जिल्हा उत्पन्नाचा तक्ता असतो, पण त्यात शहर आणि उपनगर मिळून एकच 'मुंबई' धरलेली असते. म्हणजे नरिमन पॉइंट आणि गोवंडी एकाच सरासरीत. तुमच्या कामाचं खरं पुस्तक दुसरंच आहे: 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन'. हे प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं निघतं, त्यामुळे उपनगरचं स्वतंत्र मिळतं. दिसायला रुक्ष, पण कारखाने, बँका, वाहनं, शाळा असं सगळं एका जिल्दीत. मागची काही वर्षंही उतरवून घ्या, एका वर्षाच्या आकड्यावरून कल कळत नाही.

बँकांच्या आकड्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण मुंबईवर लिहिणारे इथेच घसरतात. रिझर्व्ह बँक जिल्हावार ठेवी आणि कर्जं प्रसिद्ध करते, फुकट मिळतात. त्यात मुंबईची कर्जं डोळे फिरवणारी दिसतात. पण कंपनीचं मुख्य कार्यालय फोर्टात किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात, कर्ज तिथल्या शाखेतून मंजूर, आणि कारखाना गुजरातेत किंवा ओडिशात, असं किती असतं! म्हणून रिझर्व्ह बँकेच्या मूलभूत सांख्यिकी विवरणांत कर्ज दोन तऱ्हेने मांडतात: कुठे मंजूर झालं आणि कुठे वापरलं गेलं. तुम्हाला दुसरा तक्ता हवा. प्रत्यक्ष कराचंही तेच. मुंबईतून गोळा होणारा कर सगळाच मुंबईत कमावलेला नसतो.

आता छोटे उद्योग. सहावी आर्थिक गणना २०१३-१४ ची, त्यामुळे जुनी आहे, पण घरातल्या उद्योगापासून सगळं मोजायचा प्रयत्न तिच्यात आहे, म्हणून पाया तिचाच घ्या. उद्योगांची वार्षिक पाहणी तुमच्या फारशी कामाची नाही, तिच्यात मुख्यतः फॅक्टरी कायद्याखाली नोंदलेले कारखाने येतात. गाळ्यात चार मशीन टाकून बसलेला माणूस तिथे सापडणार नाही. तो सापडला तर बिगर-कंपनी उद्योगांच्या वार्षिक सर्वेक्षणात, म्हणजे 'असुसे'त. मात्र २०२५ आधीचा त्याचा नमुना राज्याचा अंदाज बांधण्यापुरता होता. मूळ डेटा उतरवून त्यातून एकट्या उपनगरची टक्केवारी काढलीत तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील. रोजगाराच्या सरकारी सर्वेक्षणालाही, म्हणजे 'पीएलएफएस'ला, हीच अडचण होती. जानेवारी २०२५ पासून त्याची आखणी जिल्हा हा घटक धरून होते, पण आधीच्या वर्षांशी तुलना जपून करा.

'उद्यम' या छोट्या उद्योगांच्या केंद्र सरकारी नोंदणीचे जिल्हावार आकडे २०२० पासूनचे. नोंदणी स्वयंघोषित, आणि कर्जासाठी किंवा टेंडरसाठी केलेली, म्हणून नोंदणी वाढली म्हणजे उद्योग वाढले असं लिहू नका. गुमास्त्याची, म्हणजे दुकानं-आस्थापनांची, नोंद पालिकेकडे असते, वॉर्डाच्या जवळ जाणारी तीच. पण २०१७ च्या कायद्यानंतर छोट्या दुकानांना नोंदणीऐवजी नुसती सूचना पुरते, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे आकडे एका रेषेत जोडता येत नाहीत.

माझी आवडती जागा नोंदणी व मुद्रांक विभागाची ई-सर्च, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचा ऑनलाइन शोध. गाळ्यांचे व्यवहार, लिव्ह अँड लायसन्सचे करार, रक्कम, क्षेत्रफळ, सगळं इंडेक्स-टूमध्ये, म्हणजे दस्ताच्या गोषवाऱ्यात, मराठीत असतं. तिथे महसुली गाव निवडावं लागतं. साकीनाक्यासाठी मोहिली, शेजारी चांदिवली, कुर्ला. सोबत सिटी सर्व्हे नंबर लागतो, तो गाळेवाल्याच्या जुन्या करारावर किंवा इमारतीच्या कागदांवर मिळतो. एकाच औद्योगिक वसाहतीचे काही वर्षांचे करार तारखेने लावले तर भाडं कसं हललं ते दिसतं. अर्थात नोंदवलेली रक्कम म्हणजे दिलेली सगळी रक्कम असेलच असं नाही, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

महागाईसाठी लेबर ब्युरोचा औद्योगिक कामगारांचा निर्देशांक घ्या, २०१६ पायाचा, त्यात मुंबई केंद्राचा आकडा दर महिन्याला येतो. जुन्या मालिकेला जोडताना देशाचा २.८८ हा गुणक वापरू नका, केंद्राचा स्वतंत्र गुणक असतो.

विजेच्या वापरासाठी वीज नियामक आयोगाकडच्या दरवाढ याचिका चाळा. लघुदाब औद्योगिक ग्राहक किती आणि त्यांना किती युनिट विकले, ते वर्षवार असतं. आकडा कंपनीच्या पूर्ण क्षेत्राचा मिळेल, वॉर्डाचा नाही.

आणि धारावीची उलाढाल 'एक अब्ज डॉलर' वगैरे जे जिथे तिथे छापून येतं, ते तुलनेसाठी घेणार असाल तर मोजलं कोणी आणि कसं, हे आधी शोधा. सापडलं नाही तर आकडा सोडून द्या.

यातूनही वॉर्डाचं काही अडलं तर माहिती अधिकार आहे, अर्जाला १० रुपये. 'एल वॉर्डातील उद्योगांची स्थिती काय' असं विचारलंत तर 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' हेच उत्तर येणार. 'अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत दिलेल्या परवान्यांची वर्षवार संख्या, नोंदवहीतील उताऱ्यासह' असं मागा. प्रकल्पाची मुदत जवळ असेल तर हा अर्ज आजच टाका, उत्तराला ३० दिवस धरून चाला.