गोराईत डुकरं पाळायची म्हणतोस तर

बाळा, पहिल्याच वर्षी दहा माद्या घेऊ नकोस. दोन माद्या आणि त्यांच्या नात्यातला नसलेला एक नर, एवढंच पुरे. गावठी वाणच हवं असेल तर गोव्याची आगोंदा गोवन बघ. काटक जात आहे, कोकणपट्टीच्या दमट हवेत रुळलेली.

मुंबईत खरा मोह हॉटेलच्या खरकट्याचा. फुकट मिळतं म्हणून तसंच ओतू नकोस. 2020 पासून आफ्रिकन स्वाइन फीवर, म्हणजे डुकरांचा जीवघेणा साथीचा रोग, आपल्या देशात आहे, त्यावर औषध नाही, आणि डुकराच्या मांसाच्या तुकड्यातूनही तो खुराड्यात शिरतो. मांस-मच्छी असलेलं खरकटं घेऊच नकोस; बाकीचंही अर्धा तास खळखळ उकळ, निववून घाल.

मादी साधारण 21 दिवसांनी माजावर येते. पहिला माज सोडून दे. नर दाखवलास की तारीख भिंतीवर लिही, 114 दिवसांच्या आसपास विते. त्याआधी भिंतीपासून वीतभर अंतरावर आडवा पाइप बसव, म्हणजे मादी आडवी होताना पिल्लांना त्यामागे शिरायला जागा राहते. माझी पहिली सहा पिल्लं आईच्या अंगाखाली चिरडून मेली, कारण पाइप मी उद्यावर ढकलला होता. अजून डोळ्यांसमोर आहेत.

फरशीवर वाढणाऱ्या पिल्लांना मातीतलं लोह मिळत नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून लोहाचं इंजेक्शन देऊन घे.