गोव्यात राहून, लेबलशिवाय (म्हणजे संगीत कंपनीशिवाय) अभंगांचा अल्बम काढता येईल का?

हो, खुशाल काढा, ध्वनिमुद्रणाचा खर्च तुमचा असेल तर त्याचे हक्कही तुमच्याकडेच राहतात. फोंड्यात मी ध्वनिमुद्रणाचंच काम करतो, त्यावरून सांगतो. स्पॉटिफाय कलाकाराकडून थेट गाणी घेत नाही. गाणी तिथे पोहोचवणारा डिस्ट्रोकिड, ट्यूनकोरसारखा वितरक लागतो, आयएसआरसी क्रमांकही (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक) तिथेच मिळतो. चाल स्वतःची असेल तर तिच्या रॉयल्टीसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व वेगळं घ्या, हे बरेच जण विसरतात. मात्र एक सांभाळा: तुकोबांचे शब्द कोणीही गावेत, पण गाजलेल्या चालीवर संगीतकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं हक्क असतो, परवानगी लागतेच. आणि पखवाज-हार्मोनियमच्या साथीदारांना मानधन देताना, ओळखीतले असले तरी, त्यांचं वादन अल्बममध्ये वापरायला संमती असल्याची कागदावर सही घ्याच.