बंद प्लेटिंग कारखान्याची जागा आणि एसआरएचं संमतीपत्र

प्रश्न : भोसरीत आमची वस्ती आहे. शेजारचा प्लेटिंगचा (धातूवर मुलामा चढवण्याचा) कारखाना बंद होऊन आठ-नऊ वर्षं झाली. चालू असताना टाक्यांमधलं पाणी मागच्या खड्ड्यात सोडायचे, हे सगळ्या वस्तीला माहीत आहे. आमच्या बोअरला अजून पिवळट पाणी येतं. आता ती जागा आणि आमची वस्ती मिळून एक बिल्डर एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) योजना करतोय. त्याच्या संमतीपत्रात 'जागेच्या स्थितीबद्दल आमची तक्रार नाही व पुढेही राहणार नाही' असं कलम आहे. विचारलं तर म्हणतो, माती उचलून मुरूम टाकू. जेसीबी लवकरच येणार आहे. दीर म्हणतात, पक्कं घर मिळतंय, उगाच फाटे फोडू नका. सही करू का?

उत्तर : ताई, घर जरूर घ्या, पण त्या कलमासकट सही करू नका.

आधी पाण्याचं. पिवळटपणा लोहामुळेही येतो, पण प्लेटिंगच्या शेडशेजारी पहिला संशय क्रोमियमचाच घ्यायचा, म्हणजे मुलाम्यासाठी वापरल्या जाणाऱ्या धातूचा. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. उकळून धातू जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. अहवाल येईपर्यंत ते पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला बंद.

आता कलम. कायदेशीर मार्गाने हक्क मागायला पूर्ण मज्जाव करणारा करार, १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २८ नुसार, तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. म्हणून 'सही केली तरी काय बिघडतं' असं सांगणारे भेटतील. बिघडतं असं, की उद्या तुम्ही तक्रार केलीत की बिल्डरचा वकील पहिला तोच कागद पुढे करणार आणि तुमची निम्मी ताकद 'मी वाचलंच नव्हतं' हे पटवण्यात जाणार. कलम पेनाने खोडा, शेजारी सही करा, फोटो काढून ठेवा. त्या जागी लिहून मागा : माती आणि भूजलाची तपासणी, गरज पडल्यास शुद्धीकरण विकासकाच्या खर्चाने, अहवालाची प्रत रहिवाशांच्या संस्थेला, आणि या कामामुळे योजना लांबली तर तोवरचं तात्पुरत्या घराचं भाडं चालू. एकटीने मागितलंत तर तुम्ही आडमुठ्या ठराल. पंधरा-वीस घरांनी एकत्र मागितलं तर बिल्डर बोलायला बसेल, कारण संमतीची गरज त्याला आहे.

खरी घाई मातीची आहे. 'माती उचलून मुरूम टाकू' यात पुरावाही उचलला जातो, आणि ती माती जाते कुठे हे कुणी विचारत नाही. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत प्लेटिंगमधून निघणारा गाळ पहिल्या अनुसूचीतच आहे. असा माल अधिकृत वाहनातून, मॅनिफेस्टसह (माल कुठून कुठे गेला याच्या नोंदपत्रासह), रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पासारख्या अधिकृत ठिकाणी जायला हवा. प्रत्यक्षात तो राडारोडा म्हणून रात्रीच्या डंपरने एखाद्या ओढ्याकाठी रिकामा होतो, आणि मग तुमचा त्रास दुसऱ्या वस्तीच्या वाट्याला येतो.

म्हणून लगेच तीन ठिकाणी लेखी अर्ज द्या : जिल्हाधिकारी, महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं पुण्यातलं कार्यालय. आवक क्रमांकासह पोहोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका. अर्जात जुलै २०२५ मध्ये केंद्राने लागू केलेल्या दूषित स्थळांच्या नियमांचा उल्लेख करा. त्यानुसार अशी जागा 'संशयित दूषित स्थळ' म्हणून कळवण्याचं काम स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासनाचं आहे. नंतर मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर पाहणी, आणि दोष निघाला तर जबाबदार कोण ते ठरवायचं. नियम नवे आहेत, यंत्रणा त्यांना सरावलेली नाही, त्यामुळे पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल.

स्वतः बाटल्या भरून प्रयोगशाळेत देणार असाल तर जरूर द्या, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेलीच निवडा. पण पर्यावरण कायद्याच्या कलम ११ ची पद्धत पाळून, नोटीस देऊन, सीलबंद घेतलेल्या सरकारी नमुन्याचं वजन त्याला येत नाही. तुमचा अहवाल मंडळाला हलवण्यासाठी वापरा. आणखी एक, फारसं कुणी न वापरलेलं : जल कायद्याच्या कलम २५(६) प्रमाणे मंडळाला कारखान्यांना दिलेल्या सांडपाणी सोडण्याच्या संमतीची नोंदवही ठेवावी लागते आणि बाधित व्यक्तीला ती पाहता येते. कारखान्याला काय सोडायची परवानगी होती, कोणत्या अटींवर, हे तिथे कळेल. योजनेचं बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. बिल्डरचा त्यासाठीचा अर्ज केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर सापडेल. जागेचा आधीचा वापर बिल्डरने काय लिहिलाय ते बघा.

त्याआधीच जेसीबी आला तर पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे, आणि त्याला अंतरिम मनाई देता येते. मुदतीचा मुद्दा विरोधी बाजू पहिल्या दिवशी काढेल. न्यायाधिकरणाच्या कायद्यात पर्यावरणाचा वाद नेायला कलम १४ खाली सहा महिने, नुकसानभरपाई आणि जागा पूर्ववत करून मागायला कलम १५ खाली पाच वर्षं, दोन्हीला जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत, आणि मोजणी कारण पहिल्यांदा घडल्यापासून. कारखाना बंद होऊन आठ-नऊ वर्षं झाल्याने त्याच्याविरुद्ध यावर वाद होईल. दूषित माती उकरून पसरवणं मात्र बिल्डरचं स्वतःचं नवं कृत्य आहे, तिथे तुमची बाजू भक्कम.

पैसे कुणी द्यायचे? कायद्याचं उत्तर सोपं : ज्याने घाण केली त्याने. सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या बिछडी गावाच्या खटल्यात १९९६ मध्येच ते स्पष्ट केलं. पण त्याच प्रकरणातल्या ३७ कोटींच्या वसुलीवरून २०११ मध्येही न्यायालयाला कारखानदारांना चक्रवाढ व्याज लावावं लागलं. तुमचा जुना मालक सापडेल, त्याच्याकडे पैसे असतील, हे गृहीत धरू नका. म्हणून मी बिल्डरकडून आत्ताच लिहून घ्यायला सांगतोय. नवे नियम म्हणतात, जबाबदार व्यक्तीने खर्च दिला नाही तर केंद्र आणि राज्य सोय करतील. ते होईल तेव्हा होईल.

दिरांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. तपासणीने योजना काही महिने लांबू शकते. पण तळमजल्यावर राहणार तुम्ही, आणि मुलं खेळणार त्याच मातीत.

फीची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. सोबत अर्जांच्या पोहोचा, बोअरचे फोटो आणि संमतीपत्राची प्रत न्या. सही न केलेली.